मोहन्यात ऐकू आलेली हाक

बराका टांझानियाचा. ठाण्याच्या आमच्या कॉलेजात तो दोन वर्षं माझ्याच बाकावर बसतो, आणि वर्गातली पोरं अजून त्याला ‘ए आफ्रिका’ म्हणतात. परवा कॅन्टीनमध्ये तो शांतपणे म्हणाला, "सायली, मी सुट्टीत घरी जाणार. परत नाही येणार."

माझा वडा हातातच राहिला. "रविवारी माझ्या आत्याकडे चल, मग काय ते ठरव," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

रविवारी सकाळी ठाण्यात मिसळ खाल्ली. तिखट झेपत नसेल तर तर्री वेगळी मागा. बराकानं मात्र दोनदा मागून घेतली. मग कल्याण. दुर्गाडी किल्ल्याचा चढ अगदीच थोडा आहे, वर वारा झकास आणि खाली खाडी. तिथं दोन अनोळखी पोरांनी त्याला न विचारताच त्याच्यासोबत सेल्फी काढला. तो हसला खरा, पण नंतर बराच वेळ खाडीकडे बघत बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कल्याण पश्चिमेहून मोहन्याला शेअर रिक्षा मिळते. सुट्टे जवळ ठेवा, नाहीतर रिक्षावाले काका उतरेपर्यंत प्रवचन देतात. रेयॉनची जुनी कंपनी मागे पडली की आत्याची चाळ येते.

"जय भीम, आत्या," मी म्हटलं. माझं ऐकून बराकाही म्हणाला. आत्या खूश.

"ये बाबा. हातपाय धुवून घे, बरं का."

"हो!" बराका ताठ उभा राहिला.

"सुकट जरा तिखट झालीय, बरं का."

"हो, आत्या?"

"अगं सायले, हा सारखा दचकतोय का?"

"आत्या, त्याचं नावच बराका आहे!"

आत्या पदर तोंडाला लावून हसत सुटली. "म्हणजे मघापासून मी याला नावानं हाका मारतेय होय!" मग भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, "कॉलेजात काय म्हणतात रे तुला?"

त्यानं सांगितलं. आत्याचं हसू गेलं.

"माझ्या आईलापण गावात कुणी धड नावानं हाक मारली नाही. इथं तू बराकाच. बरं का?"

"हो," तो म्हणाला. या वेळी तिघंही हसलो.

आत्याच्या पोटात काही राहतं थोडंच! आम्ही निघेपर्यंत चाळभर बातमी झालेली. दारादारांतून बायका ओरडत होत्या, "सावकाश जा, बरं का!" "परत ये, बरं का!" बराका एकेका दाराकडे वळून हात हलवत होता.

संध्याकाळी डोंबिवलीला घरी पोचले. पिशवीत आत्याच्या कुरडया होत्या आणि हाताला सुकटीचा वास. एका रविवारानं आमचा वर्ग सुधारणार नाही, हे मला कळतं. पण आई म्हणाली, "कुरडया उद्या तळू, बरं का," आणि मी चक्क दाराकडे बघितलं.

तेवढ्यात त्याचा मेसेज आला. वाचला आणि इतकं हायसं वाटलं की आईला मोठ्यानं वाचून दाखवला:

"सुट्टीत घरी जातो. पण परत येतो, बरं का."