उल्हासनगर ते बदलापूर, होडीने

रविवारी सकाळी बदलापूरच्या बेलवलीहून निघालो तेव्हा जीपच्या मागच्या सीटवर एक अख्खी होडी आडवी पडली होती. रबरी, हवेची, राखाडी रंगाची. घडी घालून गोणीत कोंबली की एखाद्या लठ्ठ पाहुण्याएवढी जागा घेणारी. आता कुणीही शहाणा माणूस विचारील, की होडी जर जीपमध्ये मावते आणि नदी जर घराच्या मागेच आहे, तर हे गृहस्थ नदीकडे पाठ करून उल्हासनगरला कशाला निघाले? बायकोनेही तेच विचारलं होतं.

"ट्रेलर आणायला," मी म्हणालो.

"ट्रेलर कशाला?"

"होडी नदीवर न्यायला."

तिने नुसता पोळीभाजीचा डबा माझ्या हातात दिला. आमच्या घरात याचा अर्थ फार वाईट असतो.

माझ्या बाजूने एक मुद्दा होता. तळाच्या लाकडी फळ्या बसवून पायपंपाने हवा भरायला बराच वेळ लागतो. एकदा गच्चीवर करून पाहिलं होतं. होडी फुगली तोवर माझ्यातली हवा गेली होती. ट्रेलर असला की फुगलेली होडी तयारच; नुसती पाण्यात ढकलायची. हा झाला सांगायचा मुद्दा. न सांगायचा असा, की कंपनीतल्या एका जुन्या कॅलेंडरवर कुठल्याशा गोऱ्या साहेबाची मोटार मागे होडी ओढत चाललेली होती, आणि ते चित्र माझ्या डोक्यातून जात नव्हतं. जीप माझी नव्हती, मित्राची होती. पण मागे होडी असली की पुढे कुणाची जीप आहे हे कोण बघतो?

जिना उतरेपर्यंत बिल्डिंगला बातमी लागली होती. बदलापुरात कुणी गाडी घेऊन उल्हासनगरला निघालं, की त्या गाडीवर सगळ्या बिल्डिंगचा हक्क असतो. तिकडे सगळं स्वस्त मिळतं, अशी आमची श्रद्धा आहे. "चाललाच आहात तर," असं म्हणत सेक्रेटरींनी सोसायटीसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या सांगितल्या. कुणी पापड सांगितले. पहिल्या मजल्यावरच्या सावंतकाकूंनी चपला ठेवायचा लोखंडी रॅक सांगितला आणि वर बजावलं, "चांगला जड बघून आणा हं. मागचा मांजराने पाडला." मी सगळ्यांना हो म्हणालो. शेजाऱ्याला नाही म्हणायचा स्नायूच माझ्यात नाही.

पहिला मुक्काम अंबरनाथ, बुवापाडा. इथे माझा मोठा भाऊ राहतो. म्हणजे तेव्हा राहत होता. आमचं दोघांचं बालपण इथल्याच एका खोलीत गेलं. वडील लवकर गेल्यावर दादाने शाळा सोडून कारखाना धरला आणि मला कॉलेजात घातलं. मी शिकून ऑफिसर झालो, फ्लॅट घेतला, होडी घेतली. तो रिटायर झाला आणि खोली विकून विदर्भात आमच्या गावी परत निघाला होता. मंगळवारी सामानाचा ट्रक होता.

होडी घेतली तीही त्याच्या एका वाक्यामुळे. लहानपणी सुट्टीच्या दिवशी तो मला बदलापूरला नदीवर न्यायचा. ट्रकची फुगवलेली ट्यूब पाण्यात टाकायचा, मला तिच्यावर बसवायचा आणि स्वतः मागून पोहत ढकलत राहायचा. मी राजा, तो इंजिन. खोलीचा सौदा झाला त्या दिवशी तो म्हणाला होता, "जायच्या आधी एकदा मलापण बसव रे. कुणीतरी ढकलायचं आणि मी नुसतं बसायचं."

बुवापाड्यात तो तयार होऊन कोपऱ्यावरच उभा होता. हातात पिशवी, पिशवीत टॉवेल आणि जुनी हाफपँट. शेजारच्या तायडेंनी हात उंचावला. "जयभीम साहेब. होडी कुठंय?"

"गोणीत आहे."

"मग दादालापण गोणीतच घाला. सोपं पडेल."

दादा पुढे येऊन बसला आणि गोणीकडे बघत म्हणाला, "आधी नदी आणि मग उल्हासनगर, असं नाही का जमायचं?"

"दादा, एकदा ट्रेलर आला की कधीही जाता येईल."

"तुला येईल कधीही. मला मंगळवारी ट्रक आहे."

"दुपारच्या चहाला तू पाण्यात असशील. माझा शब्द."

"बरं," तो म्हणाला. लहानपणापासून तो मला हेच म्हणत आला आहे.

उल्हासनगरच्या वाटेवर वालधुनी लागली. तिला नदी म्हणण्याची पद्धत आहे. काठावरच्या कपडे रंगवायच्या कारखान्यांमुळे त्या दिवशी तिचं पाणी निळं होतं. "जीन्स धुतली वाटतं," दादा म्हणाला. "हिच्यात नको हं टाकू मला."

बाजारात शिरलो आणि पहिला वेळ खाल्ला तो दालपकवानने (कडक तळलेल्या पुरीवर चण्याची घट्ट डाळ, चटणी आणि कांदा, सिंधी लोकांची न्याहारी). घरचा डबा जीपमध्ये तसाच राहिला. दादाने दोन प्लेटी खाल्ल्या आणि बोटं पुसत म्हणाला, "इतकी वर्षं हाकेच्या अंतरावर राहिलो, हे कधी खाल्लं नाही." मग आम्ही खुर्च्या घेतल्या, पापड घेतले, रॅक घेतला. रॅक चांगला जड होता.

ट्रेलर शोधायला ऊन डोक्यावर आलं. पहिल्या ठिकाणी गणपती विसर्जनाची ट्रॉली होती; एवढी मोठी, की तिच्यावर आमची होडी म्हणजे ताटात वाटाणा. दुसऱ्या ठिकाणी लग्नातली बग्गी होती, चंदेरी रंगाची, पुढे दोन सिंह. एका सिंहाचा कान तुटलेला. दादा तिच्याभोवती दोनदा फिरला. "घ्यायची तर हीच घे. होडी नाही चालली तर वरातीला देऊ."

शेवटी टेकचंद नावाच्या मंडपवाल्याच्या आवारात हवं ते सापडलं. लग्नात जनरेटर वाहायची दोन चाकी लोखंडी गाडी. टेकचंदने तिच्यावर थाप मारली. "साईं (सिंधीत मालक), दस साल शादियों में घूमी है. दूल्हे बदल गये, गाडी नहीं बदली. रखना क्या है इसपे?"

"बोट."

त्याने माझ्याकडे आणि मग दादाकडे पाहिलं. "उल्हासनगर में समुंदर कब आया?"

"समुंदर नहीं, नदी है. बदलापूर में," मी म्हणालो.

"तो बोट बदलापूर में है?"

"नहीं, बोट इधर है."

दादा तोंड फिरवून हसत होता.

गाडी घेतली. आता तिला होडीजोगं करायचं होतं. शेजारच्या वेल्डरने दोन लांब पट्ट्या जोडून पाळणा केला आणि टेकचंदने त्यावर गुंडाळायला लग्नाच्या स्टेजवरचा जुना लाल गालिचा दिला. तोवर ठीक होतं. पण जीपच्या हुकाची उंची मी जातीने मोजून दिली होती. मोजताना जीपचं मागचं एक चाक गटारात होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. जोडल्यावर ट्रेलरने सलामी दिल्यासारखं नाक वर केलं. वेल्डरने मुकाट्याने दांडा कापला आणि पुन्हा जोडला. दादा सावलीत पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. दुपारचा चहा आम्ही तिथेच घेतला. त्याने पिशवीतला टॉवेल काढून पुन्हा घडी घालून ठेवला, हे मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. पण तेवढ्याने शहाणा होणारा मी नव्हे.

होडी फुगवायला पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मिळाला. माझ्या पायपंपाचं एवढं मोठं काम त्याने एक विडी संपायच्या आत केलं. बेलवलीच्या नाक्यावरही असाच एक पंक्चरवाला आहे, हे मला तेव्हा आठवलं. मी ते मनातच ठेवलं. दादालाही आठवलं असावं. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

लाल गालिच्यावर राखाडी होडी चढली, दोरांनी बांधली, जीप सुरू केली आणि पहिल्याच खड्ड्यात होडी बेडकासारखी उडाली.

"पाटे सख्त हैं," टेकचंद म्हणाला. पाटे म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. जड जनरेटरसाठी बसवलेल्या त्या पट्ट्यांना आमची होडी म्हणजे पीसच होती. "दो-तीन पाटे निकालने पडेंगे. शाम हो जायेगी. नहीं तो साईं, वजन डालो."

इथे मला माझ्या आयुष्यातली सर्वात हुशार कल्पना सुचली. वजन तर आपल्याकडे आहेच! मी जीपमधल्या खुर्च्या काढून होडीत रचल्या आणि त्यांच्या बाजूला काकूंचा रॅक ठेवला.

"रॅक राहू दे रे," दादा म्हणाला. "हवा सोडू, होडी गोणीत घालू, सरळ नदीवर जाऊ. ट्रेलर तू उद्या ने."

"आणि उद्या परत कोण येणार? काकूंना काय सांगू?"

"काकूंना सांग, भाऊ होता."

एवढं सोपं होतं ते. पण परक्या माणसाला थांबवायला आपल्याला तोंड होत नाही आणि आपल्या माणसाला थांबवताना काही वाटत नाही. मी रॅकला आणखी एक दोर आवळला. तरीही गाडी थोडी उडतच होती. तेव्हा दादाने चपला काढल्या, ट्रेलरच्या चाकावर पाय दिला आणि होडीत चढून बसला.

"चल. मीच वजन."

असे आम्ही उल्हासनगरहून निघालो. पुढे मी हॉर्न वाजवत; मागे होडीत, खुर्च्यांच्या ढिगाला पाठ टेकून, मांडीवर पिशवी आणि हातात वल्हं घेऊन दादा. लोक दुकानाबाहेर आले. कुणी ओरडलं, "ओ नाखवा (होडीचा मालक), म्हावरं काय भाव?" दादाने वल्हं उंचावून भाव सांगितला. एका चौकात हवालदाराने थांबवलं आणि लायसन मागितलं. मागून आवाज आला, "गाडीचं का होडीचं?" हवालदार हसला आणि आम्ही सुटलो.

बुवापाड्याच्या कोपऱ्यावर वहिनी उभी होती. "अहो, उतरा खाली. लोक हसतायत."

"हसू दे. बसलोय मी," दादा म्हणाला.

आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता. स्पीडब्रेकर आला की तो वल्हं मारल्यासारखं करायचा. मी त्याला इतकं खूश फार वेळा पाहिलेलं नाही. मी वेग वाढवला. ऊन उतरायला लागलं होतं.

अंबरनाथ सुटल्यावर आरशात तो दिसेना. नुसत्या खुर्च्या दिसत होत्या. मला वाटलं, दमून आडवा झाला असेल. बदलापूर पूर्वेचं कुळगाव मागे पडलं, रूळ ओलांडून आम्ही पश्चिमेला आलो, आणि घरावरून सरळ नदीवर उतरलो तेव्हा सूर्य पलीकडच्या झाडांमागे गेलेला होता. पाण्यावर थोडा उजेड उरला होता. मी उडी मारून मागे गेलो.

होडी पापडासारखी बसली होती. खुर्च्या वेड्यावाकड्या, आणि मधे दादा, गुडघे छातीशी घेऊन, एका हाताने टॉवेल रबरावर दाबून धरलेला. रॅकच्या एका पायाचं प्लास्टिकचं बूच कुठेतरी पडलं होतं आणि प्रत्येक खड्ड्यागणिक तो उघडा लोखंडी पाय रबरात घुसत गेला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"अंबरनाथच्या फॉरेस्ट नाक्यापासून."

"मग ओरडला का नाहीस?"

"ओरडलो असतो तर तू थांबला असतास. म्हटलं, नदी तरी दिसू दे."

मी होडीभोवती फिरलो. पायपंप मारून पाहिला. भरलेली हवा तेवढ्याच वेगाने बाहेर येत होती. दादाने वाकून पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात जाऊन उभा राहिला. मीही गेलो. हाफपँट पिशवीतच राहिली.

"पाणी तेच आहे," तो म्हणाला. मग माझा पडलेला चेहरा बघून म्हणाला, "अरे, बसलो की मी! तू ओढलीस, मी बसलो. झालं की."

सोमवारी मी ठिगळ लावून घेतलं. कारागीर म्हणाला, सुकायला एक दिवस जाईल, त्याआधी पाण्यात घालू नका. दादाकडे तेवढाच नव्हता.

रॅक सावंतकाकूंकडे आहे. छान आहे म्हणतात. फक्त एका बाजूला जरा डुगडुगतो. ट्रेलर सोसायटीच्या आवारात उभा असतो आणि पाणी गेलं की टँकरवरून ड्रम आणायला लोक तो मागून नेतात. मी अजून कुणालाच नाही म्हणत नाही.

दादाचा गावाहून फोन येतो. तिथे पाराखाली बसून त्याने सगळ्यांना सांगितलंय, की धाकट्याने मला उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत होडीने नेलं. वाटेत लोक उभे राहून बघत होते, पोलिसाने सलाम केला. गावातल्या लोकांना हा प्रदेश माहीत नाही, त्यामुळे कुणी शंका घेत नाही. मधेच तो फोन दुसऱ्या कुणाच्या हातात देतो. "सांग रे यांना, खरं की नाही?" मी म्हणतो, "खरं आहे." मग तो विचारतो, "आता रोज जात असशील नदीवर?" मी म्हणतो, "जातो."

एकदाच गेलो. होडी जीपच्या मागच्या सीटवर घातली, नाक्यावर हवा भरली आणि घरामागे पाण्यात ढकलली. काही त्रास झाला नाही. मी मागे बसलो आणि वल्हं मारलं, तर होडीचं पुढचं टोक पाण्यातून वर आलं आणि ती जागच्या जागी फिरायला लागली. पुढे कुणी बसलेलं नसलं की ती सरळ चालत नाही.