सहा थेंब आणि अर्धी बाटली

छबुबाई चिलीम ओढून झोपतात, ही बातमी छावणीत सकाळच्या चाऱ्याच्या आधी पोचली. दुपारी चिलमीत गांजा भरला गेला, आणि चारच्या सुमारास पेंड वाटणाऱ्यानं तो गांजा कोणत्या रानातला हेही सांगून टाकलं. खरं एवढंच होतं की बाईंकडे एक बाटली होती. पुण्याच्या थोरल्या लेकीनं पाठवलेली, भांगेच्या बियांच्या तेलाची. दुकानातून रीतसर घेतलेली, नशा नसलेली. पण बाटलीवर हिरवंगार भांगेचं पान छापलेलं, आणि पान दिसल्यावर खालचं बारीक वाचतो कोण?

त्या दुष्काळात लिंबागणेशजवळच्या माळावर दूध संस्थेनं चारा छावणी टाकली होती. छबुबाई दोन गायी घेऊन तिथं मुक्कामाला आल्या होत्या. सगळा जन्म ऊसतोडीत गेलेला. कोयता सुटून सहा वर्षं झाली, तरी पहाटे तीनला डोळा उघडायचा तो उघडायचाच. म्हणून लेकीची ही बाटली.

बाईंचा झोपायचा सोहळा मात्र बघण्यासारखा. दिवेलागणीला दाव्यांच्या गाठी तपासायच्या, गाभण कपिलेच्या पोटावरून हात फिरवायचा, वाटीभर पाण्यात दोन्ही पाय धुऊन उरकायचे. मग चष्मा लावून जिभेखाली मोजून सहा थेंब. सहावा हटून बसला तर बाटलीच्या बुडाला टपली. मग लेकीला फोन, "घेतलं गं बाई," आणि बाई आडव्या. शेजारच्या दावणीच्या केशरबाई बाजेवर तळमळत हे घोरणं ऐकायच्या. बातमी निघाली ती त्या बाजेवरूनच.

छावणीचा नियम कडक होता: नशापाणी करील तो जनावरांसकट बाहेर. कपिलेला आठवा महिना. घरी विहीर कोरडी आणि गोठ्यात काडी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध संस्थेचे चेअरमन आप्पाराव यांनी छबुबाईंना बाटलीसकट बोलावलं. आप्पाराव म्हणजे दुधात पाणी किती, हे यंत्राआधी जिभेनं सांगणारा माणूस. पंचवीस वर्षं त्या जिभेपुढं कोणाचं चाललं नव्हतं.

"मावशी, ह्या वयात हे कशापायी?"

"झोपंसाठी, चेअरमन. तेल हाय."

"तेल हाय का काय हाय, ते जीभ सांगंल."

पहिला घोट कच्च्या शेंगदाण्यासारखा लागला. त्यातनं काही कळेना, म्हणून दुसरा घेतला. दुसऱ्यानं शंका आली, म्हणून तिसरा. अर्धी बाटली संपल्यावर आप्पाराव मांडवाच्या सावलीत खुर्ची टाकून नशा चढायची वाट बघत बसले, आणि त्यांच्याभोवती अख्खी छावणी.

"चढली का?" केशरबाईंनी विचारलं.

"गप बसा, ध्यान लागू द्या."

तासभर काही चढलं नाही. मग जे झालं ते उतरणीचं होतं. चेअरमननी टमरेल उचललं आणि माळाच्या कडेला गाठला आडोसा. आले, टेकले, पुन्हा गेले. ज्या माणसानं छावणीत माणशी दोन तांबे पाणी ठरवून दिलं होतं, त्यानं दुपारपर्यंत सात टमरेलं संपवली. टँकरवाला तोंड फिरवून हसत होता.

उन्हं कलल्यावर आप्पाराव बाजेवर पडले, चेहरा ताकासारखा. एवढं होऊनही जिभेचा मान सोडवेना.

"वस्तू लई जहाल हाय, मावशी. नियम म्हंजी नियम. दावं सोडा."

छबुबाईंनी उरलेल्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं, ती कनवटीला खोचली आणि मांडवालगतच्या गार दावणीकडं बघितलं. तिथं चेअरमनच्या चार म्हशी रवंथ करत उभ्या होत्या.

"सोडते की," त्या म्हणाल्या. "पण सहा थेंबाची मी नशेबाज, तर अर्ध्या बाटलीचे तुमी कोण? आधी तुमच्या म्हशी सोडा. माझ्या गायी मागून येत्यात."