कडेकरमामांच्या प्लेटा

कडेकरमामा कुठलीही वस्तू कडेनं धरत. भाकरी कडेनं, पेपर कडेनं, आणि लग्नपत्रिका तर दोन तळव्यांच्या मध्ये आरसा धरावा तशी. चाकणच्या आमच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं बफिंग केलं, म्हणजे स्टीलला चकाकी आणली. चकाकलेल्या पत्र्यावर बोट उमटलं की माल परत येतो, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलं होतं. खरं आडनाव वेगळंच. 'कडेकर' हे बारसं मी केलेलं. ते इतकं रुळलं की गेटवरचा वॉचमनही त्यांना त्याच नावानं हाक मारी आणि मामा खुशाल ओ देत.

माझी जीभ पहिल्यापासून तिखट, आणि सकाळच्या कंपनी बसमध्ये तिला मामांसारखं गिऱ्हाईक नव्हतं. ते काळेवाडीला चढले की मी त्यांच्या चष्म्याच्या काचेवर अंगठा दाबायचो. सगळी बस हसायची. मामा चष्मा काढून सदऱ्याला पुसत आणि म्हणत, "भाऊ, तुमचा आंगठा लई तेलकट हाय. पोहे खाऊन आलात जणू." त्यांना राग येत नसे, म्हणून आम्हाला चेव यायचा. माणूस मला मनापासून आवडत होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. त्याचा त्यांना काही उपयोग झाला नाही, एवढंच.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मालकांनी सांगितलं, दिवाळीनंतर बफिंग बंद; यापुढे पॉलिश झालेलाच पत्रा बाहेरून येणार. मामा तेव्हा चौपन्न वर्षांचे. मामींची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि ते सगळं कंपनीच्या विम्याच्या कार्डावर. नोकरी गेली की कार्ड गेलं. मामांनी कुणाचे पाय धरले नाहीत. जावयानं मोबाइलवर दाखवलेला एक व्हिडिओ घेऊन ते मालकांच्या केबिनमध्ये गेले. स्टीलच्या प्लेटांमधून पाण्यात वीज सोडायची, हायड्रोजन निघतो, आणि त्याच्या ज्योतीवर पितळेचे बारीक जोड लावता येतात. मालकांना गंमत वाटली. म्हणाले, "खंडेनवमीला पेटवून दाखवा. पेटलं तर तुम्हाला मेंटेनन्सला घेतो."

मेंटेनन्सला जागा एकच होती आणि तिच्यावर मी होतो. दोन माणसं पोसायची मालकांची तयारी नव्हती, हे मामा सोडून सगळ्यांना कळलं.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत शेडमागे मामांचं काम सुरू झालं. भंगारातून निवडून आणलेल्या एकवीस प्लेटा. ज्या माणसानं जन्मभर पत्र्याचे ओरखडे घालवले, तो आता पॉलिश पेपर घेऊन त्यावर ओरखडे पाडत बसला. आधी एका तिरक्या दिशेनं, मग दुसऱ्या. मी विचारलं, "मामा, म्हातारपणी उलटं फिरलात?" ते म्हणाले, "गुळगुळीत पत्र्याला बुडबुडा चिकटून बसतो, भाऊ. फुली मारत घासलं की निसटतो. त्याला सुटायला जागा पायजे." एकेक प्लेट घासायला दोन-दोन दिवस. मग ती सोड्यानं धुवायची, कडेनं धरून उभी करायची आणि वरून पाणी सोडायचं. पाणी सगळीकडे सारखं पसरलं तर पास. कुठं थेंब धरला तर मामा मान हलवत: "हिच्या पोटात अजून पाप हाय." आणि पुन्हा पहिल्यापासून. मी चहा पीत बघत बसायचो. असं काम मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि जसजशा प्लेटा उतरत गेल्या तशी माझी झोप उडत गेली.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असते. यंत्रांना कुंकवाची बोटं लावायचा मान कित्येक वर्षं माझ्याकडे. कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाही म्हणून आमच्याकडे ते तेलात कालवतात. त्या वर्षी मी तेल सढळ हातानं घातलं. मामांनी पांढऱ्या कापडावर एकवीस प्लेटा मांडून ठेवल्या होत्या, अजून जोडायच्या होत्या. मी प्रत्येकीवर तीन-तीन बोटं ओढली, उलटून पाठीवरही ओढली. मामा उठून उभे राहिले. हळूच म्हणाले, "भाऊ, वाईच फडकं फिरवून घेऊ का?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मामा, घरी मामी आजारी, आणि तुम्ही कुंकू पुसायला निघालात?"

त्यांचा हात तिथंच थांबला. त्यांनी प्लेटांना नमस्कार केला आणि त्या तशाच जोडायला घेतल्या.

पूजेनंतर मुहूर्ताला प्रत्येक यंत्र मिनिटभर चालवायची रीत. शेवटी मामांची पाळी. कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतलं, बॅटरीची वायर लावली. आधी बारीक, दुधासारखे बुडबुडे आले. मग फेस आला. कॉस्टिक आणि तेल भेटले की साबण होतो. टाक्या धुणाऱ्या बायकांनाही हे माहीत असतं, मला तर पक्कं माहीत होतं. फेस नळीतून चढला आणि ज्योत यायची तिथून बाहेर पडला. मामांनी धरलेली काडी चर्र करून विझली. मालक म्हणाले, "काय मामा, साबणाचा कारखाना काढलात का?" सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी हसलो.

फेस कशानं आला, असं मालकांनी विचारलं तेव्हा मी यंत्राला हार घालत होतो. मामा म्हणाले, "माझ्याच हातचं तेल ऱ्हायलं आसंल, साहेब. धुण्यात कमी पडलो."

दिवाळीनंतर शेवटच्या दिवशी ते माझ्याकडे निरोप घ्यायला आले. आजूबाजूला कुणी नव्हतं. "तेल तुमी मुद्दाम जास्ती घातलं व्हतं," ते म्हणाले. प्रश्न नव्हताच तो. मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"पूजेत कशाला वाकडं बोलायचं?" मामा म्हणाले. "अन् मला वाटलं, प्लेटा चांगल्या झाल्यात, तरी बी पेटंल."

कार्ड बंद झालं. मामांनी पुढं डायलिसिससाठी कुठंकुठं नंबर लावले ते मला बसमध्ये तुकड्या-तुकड्यानं कळत गेलं. मी खिडकीबाहेर बघत ऐकायचो. आठवड्याच्या दोनाचं एक झालं, मग तेही चुकायला लागलं. फाल्गुनात मामी गेल्या. त्या सकाळी बस काळेवाडीला थांबली आणि प्रेसची, पॅकिंगची सगळी माणसं अर्धा दिवस रजा टाकून मातीला उतरली. बसमध्ये मी आणि ड्रायव्हर उरलो. दार उघडं ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला.

"तुमी न्हाई उतरत?"

"कंपनीत मेंटेनन्सला कुणीतरी लागतं," मी म्हणालो.