स्वित्झर्लंडला लाल झेंडी

स्वित्झर्लंडला नापास करून आलेला माणूस उभ्या पुणे जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझा मामेसासरा होता, हे मी कुठंही छाती पुढं काढून सांगायला तयार आहे. त्या देशात पाऊल टाकलं की भल्याभल्या प्रवासवर्णनकारांची शुद्ध हरपते आणि 'पृथ्वीवरचा स्वर्ग' याच्या खाली ते उतरायला तयार नसतात. आमचे मामा शुद्धीवर गेले, शुद्धीवर परत आले आणि त्यांनी लिहिलं, "डोंगर बरे आहेत, पण सगळे सारखेच आहेत. लाल झेंडी." पुढं त्या लेखावरून बरंच काही घडलं. पण त्यात डोंगरांचा काही दोष नव्हता. तो दोष, असलाच तर, एका कपाचा होता.

मामा दौंडला रेल्वेत गार्ड होते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून त्यांनी सगळी उमर जग उलटं पळताना पाहिलं. रिटायर झाल्यावर म्हणाले, आता जरा म्होरं बसून बघू. फंडाचे पैसे आले तेव्हा नातेवाइकांनी नेहमीप्रमाणे प्लॉट घ्या, बंगला बांधा, असा धोशा लावला. मामा म्हणाले, "प्लॉट हितंच ऱ्हाणार हाय. माझं गुडघं ऱ्हाणार न्हाईत." आणि ते पुण्याच्या एका टूर कंपनीबरोबर निघाले ते सिंगापूर झालं, जपान झालं, इंग्लंड झालं, तरी थांबेनात. आल्यावर शिरूरच्या एका साप्ताहिकात लिहायचे. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि कारखान्याच्या नोटिसा यांच्यामध्ये त्यांचा लेख असायचा आणि शेवटी गार्डाच्या रीतीनं निकाल असायचा, हिरवी झेंडी किंवा लाल झेंडी. पिवळी त्यांच्याकडं नव्हती. माणसानं एकतर गाडी सोडावी नाहीतर थांबवावी, असं त्यांचं मत होतं.

कुणाच्या नावाला दबायचं नाही, हा त्यांच्या लिखाणाचा कणा. पॅरिसच्या लोखंडी मनोऱ्याबद्दल त्यांनी लिहिलं की भीमेवरचा रेल्वेचा पूल उभा करून ठेवला तर असाच दिसेल, शिवाय त्यावरून गाडी जाते, याच्यावरून काहीच जात नाही. इटलीतल्या कलत्या मनोऱ्यापुढं सगळे हात वर करून फोटो काढत असताना मामा कमरेवर हात ठेवून म्हणाले, आमच्यात कुणी सिग्नलचा खांब असा उभा केला असता तर साहेबानं मेमो दिला असता, इथं तिकीट लावलंय. परदेशातल्या प्रत्येक गार्डाला मात्र ते जवळ जाऊन "जय भीम" घालत. तो गोंधळायचा, पण टोपीला हात लावायचा. झुरिकला ते गाडी लेट व्हायची वाट बघत घड्याळ हातात धरून फलाटावर उभे राहिले. एकही झाली नाही, तेव्हापासून ते त्या देशावर जरा नाराजच होते.

खाण्याच्या बाबतीत तर त्यांचं सगळ्या टूरशी वैर. बाकीची मंडळी चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन विमानात चढायची. कंपनीनं स्वयंपाकी बरोबर नेलेला असायचा आणि पॅरिसमध्ये वरणभात मिळाला की लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मामा त्या पंगतीला कधी बसले नाहीत. वरणभातासाठी एवढं लांब यायचं तर दौंड काय वाईट होतं, असं विचारायचे आणि कोपऱ्यावरच्या खानावळीत जाऊन समोर येईल ते खायचे. तिथं त्यांनी गोगलगायी खाल्ल्या. ते ऐकून सहलीतल्या एका बाईंनी तोंडाला पदर लावला, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "वढ्यातलं खेकडं खाऊन वाढलेल्या माणसाला गोगलगायीचं काय सांगता?" हॉटेलच्या खोलीत मात्र ते स्वतःचा प्लास्टिकचा तांब्या नेत आणि चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली चादर पहिल्यांदा ओढून मोकळी करत. पाकिटात घातलेल्या पत्रासारखं मी झोपणार नाही, म्हणत.

या सगळ्यात एक गोष्ट मला कधी उलगडली नव्हती. घरी मामा स्वतःचं ताट स्वतः धुवायचे. नुसतं स्वतःचं नाही, मामींचं आणि आमचंही. नोकरीत हातानं रांधून खायची सवय, त्यामुळं भांड्यांची त्यांना लाज नव्हती. पण हॉटेलात, कँटीनमध्ये, जिथं पैसे देऊन खायचं तिथं, त्यांनी कप जागचा हलवला नाही. एकदा कारेगावजवळ माझ्या कंपनीत त्यांना घेऊन गेलो होतो. आमच्या कँटीनमध्ये मॅनेजरपासून हेल्परपर्यंत सगळे आपली ताटं टबात टाकतात. मामांनी टाकलं नाही. मिश्या पुसत सरळ बाहेर पडले आणि पुढं महिनाभर मला 'तुमचे ते साहेब' म्हणून चिडवण्यात आलं. विचारलं तर म्हणाले, "पैसं दिलं का न्हाई? मग झालं."

पुढच्या वर्षी मामा पुन्हा युरोपला निघाले, तेव्हा मी आणि माझी बायको त्यांच्याबरोबर होतो. स्वित्झर्लंडच्या एका डोंगरावर, वर बर्फ आणि त्याच्या कडेला काचेचं मोठं उपाहारगृह. आपला ट्रे आपण भरून आणायचा, खाऊन झाल्यावर उचलून भिंतीजवळच्या रॅकमध्ये ठेवायचा. सगळ्यांनी ठेवले. मामांनी सूप संपवलं, कॉफी पिऊन तोंड वाकडं केलं आणि हाताची घडी घालून बसून राहिले. तिथं काम करणारी एक धिप्पाड बाई आली, तिनं ट्रेकडं बोट दाखवलं, मग रॅककडं. मामांनी मान हलवली, नाही. खाली बस थांबलेली. टूर मॅनेजर पोरगा धावत आला, काका प्लीज म्हणाला. लोणच्याची बरणी आणलेल्या एक बाई म्हणाल्या, दोन मिनिटांचं काम, एवढा कसला तो अहंकार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं आपणच उचलावा आणि विषय संपवावा. मी ट्रेला हात घातला, तसं मामांनी माझं मनगट धरलं.

"जावईबापू, त्याला हात लावू नगा," ते म्हणाले. "माझ्या बापानं उचलला तेवढा पुरं झाला."

मग त्या बर्फासमोर बसून, बस खोळंबलेली असताना, त्यांनी सांगितलं. भीमेकाठी त्यांच्या गावात स्टँडजवळ एक हॉटेल होतं. आपल्या माणसांसाठी कपबश्या वेगळ्या, बाहेर पत्र्याखालच्या फळीवर, कान तुटलेल्या. आपणच काढून घ्यायच्या, बाहेर भुईवर बसून चहा प्यायचा, वरून कुणी पाणी ओतलं की विसळायच्या आणि फळीवर पालथ्या घालायच्या. पैसे तेवढेच. बाप बाजारातून येताना एकदा मामांना घेऊन तिथं थांबला. "पाच-सा वरसाचा असंन मी. म्हाताऱ्यानं आपली बी धुतली आन् माझी बी धुतली. मी आत बघत व्हतो. आतली माणसं कप टेबलावर ठिवून उठून जात व्हती. तवाच ठरिवलं, पैसं देईन तिथं कप उचलायचा न्हाई. मरंपर्यंत न्हाई."

मी शिरूरात वाढलेला, वडील नोकरीत. असल्या कपांबद्दल ऐकलं होतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यातलं वाटायचं. आपल्या शेजारी बसलेल्या, गोगलगायी खाणाऱ्या माणसाच्या आतमध्ये तो कप एवढी वर्षं पालथा पडून आहे, हे मला ठाऊक नव्हतं. 

मामा मात्र रॅककडं टक लावून बघत होते. सुटाबुटातला एक म्हातारा आला, त्यानं ट्रे ठेवला. वर कुठलं तरी बांधकाम चालू असावं, अंगाला चुना लागलेला एक गवंडी आला, त्यानं त्याच्याच खाली ठेवला. थोड्या वेळानं ती धिप्पाड बाई स्वतः जेवली आणि तिनंही आपला ट्रे तिथंच सरकवला. मामा उठले. बाईकडं गेले आणि हातवारे करून विचारू लागले की हे सगळं आत कुठं जातं, मला बघायचंय. बाईला वाटलं, माणूस भांडायला आलाय. पण गार्डानं तपासणीचा पवित्रा घेतला की समोरच्यानं वाट द्यावी लागते. ती त्यांना आत घेऊन गेली. आत मशीन होतं, चालता पट्टा होता, सगळे कप एका तोंडानं आत जात होते आणि एका तोंडानं बाहेर येत होते. मामांनी ते गाडी पास होताना बघावी तसं बघितलं. बाहेर आले, आपला ट्रे उचलला आणि त्या गवंड्याच्या ट्रेखाली सरकवला.

बसमध्ये चढताना एवढंच म्हणाले, "उचलायला माझी ना नव्हती वो. येगळं ठिवायला व्हती."

घरी आल्यावर त्यांनी लेख लिहिला. डोंगरांना लाल झेंडी, कॉफीला लाल झेंडी, भांडी धुण्याच्या मशीनला हिरवी, आणि मधोमध गावच्या त्या फळीवरचा कप, जसा होता तसा. गावाचं नाव लिहिलं नव्हतं. लेख द्यायला मीच मामांना शिरूरला स्कूटरवर घेऊन गेलो. संपादक गृहस्थ सज्जन. त्यांनी चहा मागवला, लेख वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले की मामा, लोकांना बर्फ पाहिजे. मशीनचं काय सांगता? आणि ते जुनं कशाला उकरायचं, आता तसं काही राहिलंय का? तेवढा परिच्छेद गाळू आणि डोंगर जरा वाढवू.

"डोंगर हाय तेवढंच ऱ्हातील," मामा म्हणाले. "आन् कप न्हाई तर लेख न्हाई." कागद घडी करून खिशात घातला आणि उठले. साप्ताहिकातला त्यांचा कॉलम त्या दिवशी संपला. मामींनी समजावलं, मी समजावलं. एवढी वर्षं लिहिताय, एका परिच्छेदासाठी सोडता? मामांनी आम्हा दोघांकडं असं बघितलं की आम्ही पुन्हा तो विषय काढला नाही.

पण गप्प बसतील तर ते मामा कसले. त्यांनी लेखाच्या झेरॉक्स काढल्या आणि दौंड स्टेशन गाठलं. ज्यांनी दौंडहून प्रवास केलाय त्यांना ठाऊक आहे, तिथं कित्येक गाड्यांचं इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावतात. तेवढ्या वेळात डब्यातल्या माणसाला काहीच काम नसतं. मामा खिडकीखिडकीतून झेरॉक्स देत फिरायचे. "घ्या, इंजान लागंपर्यंत वाचून हुतंय," म्हणायचे. लोक घ्यायचे, वाचायचे. कुणी पुढं पुण्याला गेल्यावर पत्र पाठवलं, कुणी त्याच कागदात भजी बांधली. मामांचं दोघांविषयीही काही म्हणणं नव्हतं.

त्यातलाच एक कागद फिरत फिरत त्या गावात पोचला, आणि एके दिवशी एक पस्तिशीचा गडी मामांच्या दारात येऊन उभा राहिला. त्या हॉटेलवाल्याचा नातू. मी नेमका तिथं होतो. मला वाटलं आता जुंपणार. तो रागावलेला होताच. म्हणाला, "मामा, नाव न्हाई लिव्हलं, पर गावाला कळायचं ते कळलं. आज्याच्या टायमाला व्हतं, मी न्हाई म्हनत न्हाई. आता तसलं काय न्हाई. येऊन बघा."

"बघनारच," मामा म्हणाले. "न बघता मी कवा लिव्हलंय?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन गेलो. मामांनी इस्त्रीचे कपडे घातले होते आणि परदेशात घालायचे ते बूट. हॉटेल तेच, छपराऐवजी स्लॅब पडलेला. पत्र्याखालची ती फळी गेली होती, तिथं आता मोबाइलच्या रिचार्जचा फलक होता. मामा आत गेले, मधल्या टेबलाशी पाय पसरून बसले. दोन-चार म्हातारेकोतारे बघत होते. चहा आला, कान असलेल्या कपात. मामांनी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत घेतला. नातू घाईघाईनं कप उचलायला आला.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "आत कुठं धुता ते दाव."

"मामा, तुम्ही कशाला? मी नेतो की."

"सगळं जग बघून आलो बाबा, पर ह्या हॉटेलाची मोरी बघायची ऱ्हायली व्हती."

नातू बाजूला झाला. मामा कप घेऊन आत गेले आणि मी त्यांच्या मागं. मोरीशी त्याची बायको परातीत कप विसळत बसली होती. तिनं वर बघितलं आणि साधेपणानं म्हणाली, "ठिवा की त्यात." मामा वाकले. गुडघ्यांनी कुरकुर केली. कप त्यांनी परातीत ठेवला, तिनं पाण्यातून हात फिरवला, आणि मग त्या ढिगात मामांचा कुठला ते ओळखू येईना. मामा किती तरी वेळ बघत राहिले. तिला काय कळायचं ते कळलं असावं, कारण तिनं घाई केली नाही.

 घरी पोचल्यावर मामा लगेच लिहायला बसले. त्यांचं ते सगळ्यांत छोटं प्रवासवर्णन, आणि शेवटचंही. त्यानंतर ते कुठं गेले नाहीत. बघायचं ते बघून झालं, म्हणायचे. लेखाच्या खाली निकाल होता, "चहा पांचट. लाल झेंडी. मोरी, हिरवी झेंडी."

मामा जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्या दोन्ही झेंड्या आमच्याकडं आहेत, बायको दिवाळीला त्या धुऊन वाळत घालते. शिरूरहून दौंडला जाताना मी वाट वाकडी करून त्या हॉटेलात थांबतो. चहा अजून पांचटच आहे, त्या बाबतीत मामांना कुणी खोटं पाडू शकणार नाही. तरी मी तो संपवतो आणि कप घेऊन उठतो. नातू दर वेळी म्हणतो, साहेब, ठेवा तिथंच. मी ऐकत नाही. कप घेऊन आत जातो.