डॉक्टरकाकांचे दोन गावडे

मेलेल्या माणसांची इतकी ख्यालीखुशाली विचारणारा आणि जिवंत माणसांकडे इतक्या संशयाने बघणारा माणूस अख्ख्या मॅसॅच्युसेट्समध्ये डॉक्टरकाकांखेरीज दुसरा नसेल. श्रूजबरीत त्यांचा प्रशस्त बंगला होता, तीस वर्षं त्यांनी लोकांचे गुडघे दुरुस्त केले होते, मुलगा क्युपर्टिनोला मोठ्या हुद्द्यावर होता. पण त्यांचं चित्त यातल्या कशातच नव्हतं. ते होतं मॉरिशस बेटावर, पावणेदोनशे वर्षांमागे. इंग्रजांच्या अमदानीत मुंबई इलाख्यातून बोटीत घालून तिकडे नेलेल्या माणसांच्या याद्यांमध्ये काकांना दोन गावडे सापडले होते. एक जन्मठेपेचा कैदी, रस्ते बांधायला नेलेला. दुसरा आपणहून उसाच्या मळ्यावर गेलेला आणि पुढे तिथेच जमीन घेऊन राहिलेला. काकांचं आडनाव गावडे. माझंही गावडे. एवढ्या एका आधारावर मी चार वर्षं त्यांच्या बेसमेंटमध्ये राहिलो, गरम पाण्याने आंघोळ केली आणि कोणत्याही दिवशी कोणीतरी येऊन मला बाहेर काढील म्हणून घाबरत राहिलो.

मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. हायवेलगतच्या एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये तंदूरवर होतो आणि एका खोलीत आम्ही पाच जण झोपत होतो. काका तिथे जेवायला आले आणि नान आणून देणाऱ्या माणसाला जे कोणी कधी विचारत नाही ते त्यांनी विचारलं, "पूर्ण नाव?" मला वाटलं, सरकारी माणूस. चाचरत नाव सांगितलं. काका खुर्चीवरून उठले, पिठाच्या हातांसकट मला मिठी मारली आणि काकूंना म्हणाले, "बघ, ब्लड आहे हे, ब्लड!" काकू रायत्यातली बुंदी चमच्याने बाजूला सारत म्हणाल्या, "त्याला श्वास घेऊ द्या आधी." त्याच रविवारी माझी बॅग त्यांच्या गाडीत होती.

या वेडाचं मूळ समोरच्या घरातली म्हातारी बाई. निवृत्त शिक्षिका. तिने एकदा चहाला बोलावून काकांना आपली वंशावळ दाखवली. अकरा पिढ्या! त्यात एक इंग्लंडातून शिक्षा होऊन मेरीलँडला आलेला चोरही होता आणि त्याचंच तिला जास्त कौतुक. मग तिने सहज विचारलं, "आणि तुमची, डॉक्टर?" काकांना आजोबांच्या वडिलांचं नाव आठवेना. त्या दिवसापासून काकांची झोप उडाली, असं काकू सांगायच्या. "त्या बाईने साधा केक दिला असता तर माझा संसार सुखाचा झाला असता."

त्यानंतर काकांनी जे आरंभलं त्याला मर्यादा राहिली नाही. मंडळाच्या गणपतीत ते दाराशीच उभे राहायचे, दर्शनाला आलेल्यांच्या छातीवरचे नावांचे बिल्ले वाचत. देवाकडे त्यांची पाठ असायची. फोनची डिरेक्टरी ते कादंबरीसारखी वाचायचे, मध्येच "अरे वा!" म्हणायचे. लंडनला पत्रं, मॉरिशसला पत्रं, उत्तर आलं नाही तर आठवणीची पत्रं. पोस्टाची गाडी कोपऱ्यावर दिसली की काका टपालपेटीपाशी, बर्फ असला तरी सपाता घालून. आठवड्यातून दोनदा ते लायब्ररीत जाऊन एका यंत्रावर जुन्या कागदांच्या फिल्मा फिरवत बसायचे आणि मला सोबत न्यायचे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर धावायची. मला त्यातलं अक्षर कळत नसे, नुसती चक्कर यायची. "बघितलंस?" काका विचारायचे. "बघितलं," मी म्हणायचो. उपकाराखालच्या माणसाने नाही म्हणू नये, एवढं मला शाळेबाहेर शिकायला मिळालं होतं.

बेसमेंटच्या भिंतीवर त्यांनी मोठा तक्ता लावला होता. जमीनवाल्या गावड्याचे कागद हिरवे, कैद्याचे लाल. लाल बाजू नेमकी माझ्या पलंगावर यायची. पहिल्याच महिन्यात काकांनी वाटणी करून टाकली होती: जमीनवाला त्यांचा, कैदी माझा. "दोघं सख्खे चुलतभाऊ असणार. टेक्निकली अजून प्रूव्ह व्हायचंय. पण तुझ्याकडे बघून मला वाटतं, बाळा, तू त्या दुसऱ्याचा."

मी म्हटलं, "असेल काका." काय म्हणणार?

मग त्या कैद्याच्या वर्णनाची नक्कल आली. उंची, रंग, अंगावरच्या खुणा आणि गुन्हा: म्हशी चोरणे. खुणेत लिहिलं होतं, उजव्या भुवईवर व्रण. माझ्याही उजव्या भुवईवर व्रण आहे. लहानपणी रहाटाचा दांडा लागला होता. काकांनी मला स्टुलावर बसवलं, भिंग आणलं, पट्टीने व्रण मोजला आणि त्यांचे डोळे भरून आले. "मॅच होतंय गं! सेम टू सेम!"

काकू भाजी निवडत होत्या. "तुम्ही डॉक्टर ना हो? लागल्याची खूण पणतवंडाला येते होय?"

काकांनी भिंग सदऱ्याला पुसलं. मग म्हणाले, "भुवई येऊ शकते." आणि तक्त्यावर टाचणी मारली.

पाहुणे आले की ओळख तशीच व्हायची. "हा आमचा बाळा. आमच्याच रक्ताचा, पण कैद्याच्या शाखेतला." पाहुणे आपले खिसे चाचपायचे असं मला उगीच वाटायचं. तरी माझं बरं चाललं होतं. खरी भीती वेगळीच होती आणि ती मी पहिल्या दिवसापासून गिळून बसलो होतो. काका मुंबईत वाढले, तरुणपणी इकडे आले. त्यांना गावाकडची एक साधी गोष्ट ठाऊक नव्हती. आमच्याकडे आडनावावरून भाऊबंद ठरत नाहीत, देवकावरून ठरतात. लग्नात ज्या झाडाची डहाळी आणून पुजतात ते त्या घराण्याचं देवक. देवक एक तर रक्त एक, मग सोयरीक होत नाही. देवक वेगळं तर आडनाव एक असूनही खुशाल मुलगी द्या. माझी आई माहेरची गावडे आणि सासरचीही गावडे. हे काकांना सांगितलं असतं तर त्याच दिवशी माझी बॅग परत गाडीत. म्हणून मी तोंड मिटून लाल कागदांखाली झोपत होतो.

चौथ्या वर्षी मॉरिशसहून जाड पाकीट आलं. त्यात दोघांचीही मूळ गावं होती. काकांनी ती मोठ्याने वाचली, मग हळू वाचली, मग वाचलीच नाहीत. जमीनवाला निघाला माझ्या गावचा. म्हशीचोर काकांच्या.

काका जेवले नाहीत. क्युपर्टिनोहून मुलाचा फोन आला. स्पीकरवर तो हसत होता. "डॅड, हू केअर्स? इट्स कूल!" काकांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मात्र चहा घेता घेता ते म्हणाले, "साध्या म्हशी नसतील त्या. इंग्रजांच्या छावणीतल्या असतील. म्हणजे बंडच की!" तिसऱ्या दिवशी समोरच्या बाईला जाऊन सांगून आले, आमच्याकडेही एक शिक्षा झालेला आहे. तिने टाळ्या वाजवल्या म्हणे. मी मात्र पुरता गोंधळलो. काल मी चोर होतो, आज जमीनदार. कोणत्या बाजूने बसावं कळेना.

पण गावं दोन निघाल्यावर काकांच्या डोक्यात किडा वळवळू लागला. त्यांनी दादरच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, फोन लावला. आक्का नव्वदीच्या. त्यांचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. "अरे शहाण्या, एवढी कागदं कसली फिरवतोस? त्याचं देवक विचार! आपलं कळंब."

काका वळले. "बाळा, तुझं देवक काय?"

पोळी तव्यावर होती. ती मी उलटली, पुन्हा उलटली. कळंब म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. कोण तपासणार होतं? तोंडात शब्द आलाही होता. पण बहिणीच्या लग्नात माझ्या बापाने उंबराची डहाळी डोक्यावरून आणली होती, भर उन्हात, अनवाणी. ती मला खाली टाकवेना.

"उंबर," मी म्हटलं. "आपण एक नाही काका. मला आधीपासून माहीत होतं." आणि आईचंही सांगून टाकलं.

पोळी करपली. काका माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते जिवंत माणसाकडे नीट बघत होते, आणि तो माणूस त्यांच्याशी खोटं बोललेला निघाला होता.

"चार वर्षं?" ते म्हणाले.

"चार वर्षं."

"आणि मी व्रण मोजला तुझा!"

काकूंनी पुढे होऊन गॅस बंद केला. "बरं झालं सुटलो. भाऊबंद भेटतात कोर्टात, सोयरे भेटतात पंगतीत. बाळा, दुसरी पोळी टाक."

पुढचे चार-पाच दिवस काका वर अभ्यासिकेत लिहीत बसायचे. माझ्याशी फक्त "मीठ दे" एवढंच. मी बॅग भरून पलंगाखाली ठेवली. कोणी ती मागितली नाही. मग एका मंगळवारी त्यांनी वरून हाक मारली, "चल, लायब्ररी उघडली असेल," आणि मी कोट चढवला.

आता बंगला विकला गेला. काका-काकू मुलाकडे क्युपर्टिनोला असतात. मी वूस्टरला एका खोलीत राहतो, एकटाच. पण त्या आठवड्यात काका वर बसून काय लिहीत होते ते मला फार उशिरा कळलं, गावी फोन केला तेव्हा. आई म्हणाली, "तुझ्या त्या डॉक्टराचा मागे एक पत्र इल्ला. मास्तरांनी वाचून दाखवल्यानी."

"काय लिवल्यानी?"

"तू जेवतस बरो, थंडीत कानटोपी घालतस, तुझी काय काळजी करू नको, असा सगळा." तिला काहीतरी जुळत नव्हतं. "पण बाळा, सुरवातीकच लिवल्यानी, तुझो नि तेंचो काय एक संबंध नाय म्हणान. मगे तीन पानां कित्याक लिवल्यानी रे?"

"माका ठाऊक नाय, आये," मी म्हटलं. खरंच ठाऊक नव्हतं.