समोरची कड

बाबांनी आयुष्यभर नापास करण्याचा पगार घेतला. भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्यात प्रेसवर पत्र्याचे सुटे भाग ठोकले जायचे, आणि त्यातला कुठला पास, कुठला भंगारात, हे बाबा ठरवायचे. रिटायर झाल्यावर हा अधिकार गेला. घरात तो आईने चालू दिला नाही, म्हणून त्यांनी नाण्यांकडे मोर्चा वळवला.

त्यांना चुकलेली नाणी हवी असत. टाकसाळीतच चुकलेली: छाप एका बाजूला सरकलेला, कडेचा घास गेलेला, एकावर एक दोनदा छाप ठोकलेली. अशी नाणी महाग विकली जातात ही बातमी पेणकरपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पसरली आणि दर रविवारी कोणी ना कोणी मूठ बंद करून दारात उभं राहायला लागलं. खालच्या लाल डब्याच्या फोनमध्ये अडकून वाकलेला रुपयासुद्धा आमच्याकडे आला. पालीहून येणारी मासेवाली मिठाच्या पाण्याने काळी पडलेली नाणी घेऊन आली. "काला परलाय, पन खोटा न्हाय ना?" बाबा म्हणाले, "खोटा नाही. बाजारात चालेल, माझ्याकडे नाही चालणार."

दिवाळीनंतर सीझन असायचा. लक्ष्मीपूजनाचं नाणं तांब्याच्या ताम्हनात ठेवायचं आणि ताम्हन चिंचेने घासताना त्यातच राहू द्यायचं, हे घरोघरी व्हायचं, आणि नाण्यावर तांब्याचा रंग चढायचा. तिसऱ्या मजल्यावरची भाभी लालसर रुपया घेऊन आली. "अंकल, ये गलती से तांबे का छप गया ना?" बाबांनी खिळ्याने कडेला ओरखडा काढला. आत पांढरं. "छपा बराबर है भाभी, बाद में बिगड़ा है. इमली लगाया?" भाभीने इमली लावली होती. त्यानंतर बरेच दिवस तिच्याकडून ढोकळा आला नाही.

टाकसाळीत झाली ती चूक, बाहेर झालं ते नुकसान, असं त्यांचं म्हणणं. हे ओळखायला त्यांनी फक्त मला शिकवलं, कारण दादाला कंटाळा यायचा आणि आईला हा सगळाच प्रकार भंगारात जमा वाटायचा. कडेचा गोल घास गेलेलं नाणं आलं की आपण घासाकडे बघतो. बाबा घासाच्या बरोबर समोरची कड बघायला लावायचे. टाकसाळीत चकतीच अपुरी कापली गेली असेल, तर दाबून कडेचा उंच काठ उठवताना समोरच्या बाजूलाही जोर पोचत नाही. तिथली कड बसकी राहते. नंतर कोणी कापलं असेल, तर समोरची कड ठणठणीत असते. खरंखोटं घासात नसतं, समोर असतं.

मग बाबा दाराच्या चौकटींना धडकायला लागले. चौकट नापास आहे, असं सांगायचे. आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबा बाहेर चष्म्याच्या फ्रेमी तपासत बसले होते, तेव्हा आत डॉक्टरांनी आईला आणि मला सांगितलं की काचबिंदू आहे. गेलेली नजर येणार नाही. उरलेली थेंबांवर टिकवायची, रोज, न चुकता. रिक्षा स्टँडपर्यंत येता येता आईने त्याचा मोतीबिंदू केला होता. "पिकला की काढायचा म्हणे, अहो. काळजीचं काही नाही." घरी आल्यावर मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "खबरदार सांगशील तर. हाय खातील ते."

बाबांनी हाय खाल्ली नाही, थेंब घ्यायचं तेवढं बंद केलं. जे कापूनच टाकायचं, त्याला औषध कशाला, हा त्यांचा मुद्दा होता आणि मोतीबिंदूपुरता तो बिनतोड होता. आई बाटली घेऊन मागे लागायची, ते मान फिरवायचे, थेंब गालावर पडायचा. तो गालावर पडलेला थेंब बघून माझं डोकं फिरायचं. आईचा राग यायचा, त्यांचा यायचा, आणि भीती तर इतकी वाटायची की मी सरळ तिथून उठून जायचे.

एका रविवारी आई भाजीला गेली होती. बाबांनी गॅलरीत बोलावून पाचाचं जाडं नाणं माझ्या हातात ठेवलं. कडेला सुबक गोल घास. चेहऱ्यावर असा आनंद, की कारखान्यात कुणी त्यांना तसं कधी पाहिलं नसेल.

"खरं आहे," ते म्हणाले. "कधीपासून शोधत होतो. बघ."

मी भिंग लावलं. समोरची कड बघितली, मग अंगठा फिरवून बघितला. ठणठणीत होती. घासाच्या आत बारीक समांतर रेघा होत्या. आता हे सांगायचं कसं? डोळे जात चाललेल्या माणसाला त्याच्या एवढ्या आनंदाच्या नाण्याबद्दल. गप्प बसावं असं मनापासून वाटलं.

"बाबा, हे कापलेलं आहे," मी म्हणाले. "गोल कानस मारलीय कोणीतरी."

"मीच."

सरकारी नाणं कापणं गुन्हा आहे, हे मला सांगणारे तेच.

"तू पण आईसारखी गोड बोलायला लागलीस का, ते बघायचं होतं," ते म्हणाले. "नाही लागलीस. आता सांग, डॉक्टर काय म्हणाले?"

मी सांगितलं. काचबिंदू. गेलं ते गेलं.

"आणि राहिलंय ते?"

"थेंब घातलेत तर राहील."

त्यांनी माझ्या हातातलं नाणं घेतलं आणि अंगठ्याने त्याची समोरची कड चाचपली. मला रडू येत होतं आणि त्यांना दिसत नसेल असं मी धरून चालले होते.

"डोळे पूस," ते म्हणाले. "आणि मला कळलंय हे आईला सांगू नकोस. ती हाय खाईल."

"आणि थेंब?"

"आज तिला मागे लागू दे. थोडी कटकट करीन मी. मग घेईन."

आई आली, पिशवी ठेवली, बाटली घेऊन मागे लागली. बाबांनी कटकट केली, जरा जास्तच केली, आणि मान मागे टाकली. "बघ," आई मला म्हणाली, "गोडीत सांगितलं की ऐकतात."