इंदूरला गेले आणि माहेर लपवायला शिकले

या वेळी मी इंदूरला गेले ती चक्क शाळेच्या बाकावर बसायला. मामेभाऊ सतीशची मुलगी रेवा नववीत आहे. तिच्या शाळेत मुलांना सायबर सुरक्षा शिकवतात आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मुलंच घरच्या मोठ्यांचा वर्ग घेतात. ज्याच्या शिकवण्यानं एक तरी मोठं माणूस आपली चूक खरोखर सुधारेल, त्यालाच पुढे सातवीला शिकवायला मिळणार होतं. रेवाला ते मनापासून हवं होतं. "आत्या, तू येच. पप्पा फक्त मान हलवतात, करत काहीच नाही," असा तिचा फोन आला आणि मी पुण्याहून गाडी पकडली.

सकाळी स्टेशनवरून रिक्षानं सुदामा नगर. भाडं आधीच ठरवा, नाहीतर पुणेकर म्हणून मान उंच ठेवून गेलात तरी फसाल. सतीश दारातच उभा. "ये ना ताई, पोहे ठंडे होऊन राहिले!" शेव आणि जिरावन मसाला घातलेले पोहे, जोडीला जलेबी. पोटभर खाऊनही स्वस्तात आटपतं.

शाळा विजय नगरच्या बाजूला. सिटी बस बरी पडते. बसमध्ये आमची मराठी ऐकून शेजारच्या काकूंनी विचारलंच, "आईचं माहेर इंदूरचं का? कौन से वाले?" इथल्या मराठी माणसांत तिसऱ्या वाक्याला माहेर निघतं, आणि मलाही सांगायला आवडतं. दोन स्टॉपांत मी अख्खं घराणं सांगून मोकळी झाले. रेवा खिडकीबाहेर बघत गालात हसत होती.

वर्गात तिनं विचारलं, "आत्या, तुझ्या ब्लॉगवर शोधू? बिना परवानगी नाही करायचं, सरांचा रूल आहे." मी ऐटीत हो म्हटलं. दहा मिनिटांत फळ्यावर तीन गोष्टी आल्या: माझं जन्मगाव, माझी पहिली शाळा आणि आईचं माहेरचं आडनाव. आडनाव तिनं सतीशच्या दारावरच्या पाटीच्या फोटोवरून काढलं होतं. खाली मीच हौसेनं लिहिलं होतं, "आईचं माहेर".

"आता सांग, पासवर्ड भूललीस तर तुझा ईमेल काय विचारतो?"

जुन्या खात्याला मी हेच तीन प्रश्न लावले होते. पालक हसले, मला मात्र राग आला. "मग पोस्ट काढून टाकू? आई रोज वाचते ती!"

"पोस्ट राहू दे ना. उत्तर चेंज कर. तिथं खरंच सांगायचं, असं कोण बोललं?"

"घरी जाऊन करते," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. "पप्पा पण हेच म्हणतात."

परतीच्या गाडीत तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. घरी आल्यावर बॅगही न उघडता लॅपटॉप उघडला. पहिली दोन उत्तरं पटकन बदलली. तिसऱ्याला हात अडला. आईच्या माहेराबद्दल खोटं बोलायचं जिवावर आलं होतं. शेवटी एक भलतंच आडनाव टाकलं आणि रेवाला कळवलं. तासाभरानं तिचा फोन आला. ओरडतच होती: सरांनी मान्य केलं, शनिवारपासून सातवीचा वर्ग तिचा!

आई शेजारीच बसून सगळं ऐकत होती. "मग माझं माहेर कोणतं लावलंस?"

"ते तुलाही सांगायचं नाही."

आई म्हणाली, "लग्नात नाव बदललं, आडनाव बदललं. आता माहेरही बदललंस." मग चष्मा वर सरकवून म्हणाली, "घर तरी चांगलं बघितलंस ना?"